दिवस भरल्यावर

तरुण डॉक्टर: मॅडम, दिवस भरलेल्या बाईला ‘थांबू या, कळा आपोआप येतील’ असं सांगणं मला हल्ली जड जातं. आपोआप होतं ते चांगलंच, असं सगळे धरून चालतात. पण वार थकते तीही आपोआपच. गर्भजल कमी होतं, बाळ पोटातच शी करतं, तेव्हाही कुणी काही केलेलं नसतं. २०१९ साली दीड कोटी गर्भारपणांची माहिती एकत्र करून तपासली गेली. ३७व्या आठवड्यात मूल पोटातच दगावण्याचा धोका हजारी ०.११ होता, तो ४२व्या आठवड्यात हजारी ३.१८ झाला. पाच आठवड्यांत जवळपास तीस पट. आकडा तरीही लहानच आहे, हे मला कळतं. पण नऊ महिने सगळं सुरळीत, बाळ पूर्ण वाढलेलं, नाव काय ठेवायचं यावर घरात वाद चाललेले, आणि एका सकाळी पोटावर डॉप्लर लावला तर ठोके लागत नाहीत. ते मूल चार दिवस आधी बाहेर आलं असतं तर बहुधा जगलं असतं, हे त्या आईला कळतं आणि मलाही. आपल्याकडे जेल आहे, गोळी आहे, सलाईन आहे. हे सगळं असताना हात बांधून का बसायचं?

ज्येष्ठ डॉक्टर: हात बांधून बसायला मी सांगत नाही, त्याकडे येऊच. आधी मला सांग, चार दिवस आधी म्हणजे कशाच्या आधी? तुझा सगळा हिशोब एका तारखेवर उभा आहे. ती तारीख आपण कशी काढतो? शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात सात दिवस मिळवायचे आणि तीन महिने मागे जायचं. हायडलबर्गच्या नेगेले नावाच्या प्राध्यापकाच्या नावावर हा नियम एकोणिसाव्या शतकापासून चालत आलाय. त्यात प्रत्येक बाईचं चक्र २८ दिवसांचं धरलंय. ३५ दिवसांनी पाळी येणारी बाई त्या हिशोबात खरी असते त्यापेक्षा आठवडाभर पुढे दिसते. नेमक्या त्या तारखेला बाळंत होणाऱ्या बायका शंभरात चार-पाच. बाकीच्या अलीकडे किंवा पलीकडे, आणि त्यातल्या बहुतेक अगदी ठणठणीत.

परवाचीच फाइल घे. बाराव्या आठवड्यातल्या सोनोग्राफीत तारीख १४ जून. आठव्या महिन्यातल्या सोनोग्राफीत २ जून, कारण बाळ अंगाने मोठं होतं आणि मशीनने त्याच्या मापावरून वय जास्त धरलं. सासूबाईंच्या लक्षात राहिली ती २ जून, कारण ती शेवटच्या कागदावर होती. २ तारीख आली आणि घरात एकच घोर लागला, डेट उलटली, डेट उलटली. खरं तर त्या दिवशी तिला ३८ आठवडे आणि दोन दिवस झाले होते. घाबरून कुणी जेल ठेवलं असतं तर? ३८व्या आठवड्यात ओढून आणलेल्या बाळाला धाप लागते, पेटीत ठेवावं लागतं, दूध ओढायला ते दमतं. अमेरिकेतल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली ‘पूर्ण दिवसांचं’ याची व्याख्याच बदलली. ३७ आणि ३८ हे आठवडे अलीकडचे ठरवले आणि पूर्ण दिवस ३९पासून धरले. हे का करावं लागलं? तारखेवर विसंबून लवकर बाहेर काढलेली मुलं पेट्यांमधून दिसायला लागली म्हणून.

तरुण डॉक्टर: हा आक्षेप मी पूर्ण मान्य करते, आणि त्याच्यावरचा उपायही तुमच्याच फाइलमध्ये आहे. पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीची तारीख पाच-सात दिवसांच्या फरकाने बरोबर असते. शेवटच्या महिन्यांतल्या सोनोग्राफीत तीन आठवड्यांपर्यंत चूक होऊ शकते. पहिली तारीख लाल पेनने लिहायची आणि पुढच्या कुठल्याही रिपोर्टवरून ती हलवायची नाही. एवढं केलं की तुमचा आक्षेप उरत नाही. गावाकडची बाई पाळीची तारीख विचारली की ‘नागपंचमीच्या आधी आली होती’ म्हणते आणि पहिल्यांदा तपासायला सातव्या महिन्यात येते, ती गोष्ट वेगळी. मी बोलते आहे ती जिची तारीख पक्की आहे तिच्याबद्दल.

तिच्यासाठी आता चांगला पुरावा आहे. २०१८ साली अमेरिकेतल्या ४१ रुग्णालयांमधला ‘अराइव्ह’ नावाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पहिलटकरणी, कसलीही गुंतागुंत नसलेल्या, ६,१०६ जणी. निम्म्यांना ३९व्या आठवड्यात कळा आणल्या, निम्म्यांना थांबू दिलं. आपल्याला कॉलेजात काय शिकवलं होतं? औषधाने कळा आणल्या की सिझर वाढतात. निघालं उलटंच. कळा आणलेल्यांमध्ये सिझर १८.६ टक्के, थांबलेल्यांमध्ये २२.२. ब्लडप्रेशर वाढण्याचं प्रमाण कळा आणलेल्यांमध्ये ९.१ टक्के, थांबलेल्यांमध्ये १४.१. थांबणाऱ्या बाईचं शरीर दर दिवशी नवी भानगड उभी करू शकतं. हे सगळं समोर असताना थांबण्याची बाजू घ्यायची, ती फक्त सवयीने?

ज्येष्ठ डॉक्टर: तो अभ्यास मीही वाचलाय आणि तो उत्तम आहे. बाळांच्या बाबतीत मात्र दोन गटांत ठाम म्हणता येईल असा फरक त्यात निघाला नाही, तेही सांग. आणि ज्या पात्र बायकांना विचारलं, त्यांतल्या जवळपास तीन चतुर्थांश बायकांनी भाग घ्यायला नकार दिला. म्हणजे हा निकाल ज्यांना चिठ्ठी टाकून ठरवलेलं चालणार होतं त्यांचा.

पण माझा खरा मुद्दा त्या रुग्णालयांचा आहे. तिथे कळा आणायला घेतल्यावर दमाने घेतात. कळा आणलेल्या बायकांनी तिथे प्रसूतिकक्षात साधारण २० तास काढले, थांबलेल्यांनी १४. आपल्याकडे काय होतं ते तुला सांगायला नको. सकाळी सातला जेल, दुपारी सलाईन, संध्याकाळी ‘तोंडच उघडत नाही हो’ आणि रात्री आठला सिझर. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या खासगी रुग्णालयांमधल्या बाळंतपणांपैकी ४७.४ टक्के सिझर होती, सरकारीत १४.३. खासगीत निम्म्याच्या जवळ! ज्या व्यवस्थेत २२ टक्के हा जास्तीचा आकडा आहे, तिथला निष्कर्ष उचलून ४७ टक्क्यांच्या व्यवस्थेत आणायचा, याला मी पुरावा म्हणत नाही.

आणि एक गोष्ट बोटांनी तपासल्याशिवाय कळत नाही. कळा आणायच्या आधी तू पिशवीचं तोंड तपासतेस. नाकाच्या शेंड्यासारखं टणक लागतं, की ओठांसारखं मऊ? मागे वळलेलं आहे की पुढे आलंय? लांब आहे की आखडायला लागलंय, बोट आत जातं का, डोकं किती खाली उतरलंय? एडवर्ड बिशप यांनी १९६४ साली या पाच गोष्टींना गुण द्यायची पद्धत घालून दिली, एकूण १३ गुण. सहाच्या आत गुण असले की अजून तयारी नाही असं आपण म्हणतो. तयारी नसलेल्या तोंडावर जोर करायला गेलं की बाई दोन-दोन दिवस पडून राहते. दर चार तासांनी कुणीतरी येऊन तपासतं, खायला मिळत नाही, आणि शेवटी ती थकून म्हणते, डॉक्टर, काढा एकदाचं कापून. ते सिझर रजिस्टरमध्ये ‘प्रसूती पुढे सरकली नाही’ म्हणून चढतं. आपण सुरू करायची घाई केली, याला त्या रजिस्टरमध्ये रकाना नाही.

तरुण डॉक्टर: मग दोष घाईचा आहे, कळा आणण्याचा नाही. तोंड टणक असेल तर रात्री फोलीचा फुगा ठेवा, बारा तास द्या, मग सलाईन लावा. ते शिकवता येतं.

पण मॅडम, तुम्ही थांबण्याचं जे बोलता, ते कुठे बसून, हा प्रश्न मला पडतो. वीस खाटांच्या नर्सिंग होममध्ये रात्री दोन वाजता कळा येऊन ठोके पडायला लागले तर भूल देणारे डॉक्टर पलीकडच्या गावाहून निघणार. रक्तपेढी जिल्ह्याच्या ठिकाणी. ड्यूटीवर एक सिस्टर, तिच्याकडे तीन बायका. अशा ठिकाणी सकाळी ठरवून सुरू केलेलं बाळंतपण मला जास्त सुरक्षित वाटतं, कारण माणसं हजर असतात. डॉक्टरच्या सोयीसाठी करतात असं लोक बोलतात, आणि काही ठिकाणी ते खरंही आहे. पण डॉक्टर जागेवर असणं ही त्या बाईचीही सोय आहे.

आणि भामरागडचं काय? पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की पलीकडच्या गावांचा रस्ताच तुटतो. तिथल्या बाईला ‘कळा सुरू झाल्या की या’ असं सांगणं म्हणजे तिला वाऱ्यावर सोडणं. १०८ची गाडी नदीच्या या काठाला उभी राहणार.

ज्येष्ठ डॉक्टर: भामरागडचं उदाहरण तू दिलंस ते बरं झालं. आदिवासी भागांसाठी आपल्या राज्याने २०१०-११च्या सुमारास माहेरघर योजना सुरू केली. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आवारातच राहायची सोय. दिवस भरत आले की बाईने लहान मुलाला आणि सोबतीला कुणाला घेऊन तिथे येऊन राहायचं, कळा आल्या की चार पावलांवर सिस्टर. मला यातलं काय महत्त्वाचं वाटतं सांगू? नदी आडवी येते म्हणून तिच्या बाळाला लवकर बाहेर काढायचा मार्ग इथे घेतला नाही. बाईची जागा बदलली, बाळाची वेळ बाळावर सोडली. सगळ्या येतात असं नाही. रोवणीचे दिवस असतात, घरी म्हातारी असते, कोंबड्या-बकऱ्या असतात, आठ-आठ दिवस घर सोडून बसणं परवडत नाही. पण उपाय म्हणून मला तो पटतो.

मी म्हणते ते थांबणं असं असतं. त्यात काम आहे आणि माणसं लागतात. ४० आठवडे झाले की आठवड्यातून दोनदा बोलवायचं, अर्धा तास पट्टा लावून ठोक्यांचा आलेख काढायचा, सोनोग्राफीत पाणी किती उरलंय ते बघायचं, ब्लडप्रेशर, लघवी. घरी डाव्या कुशीवर झोपून बाळाच्या हालचाली मोजायच्या, दोन तासांत दहा लागल्या नाहीत तर उजाडायची वाट न बघता निघून यायचं. स्वीडनमध्ये ‘स्वेपिस’ नावाचा अभ्यास झाला, २,७६० बायका. अर्ध्या जणींना ४१ आठवड्यांना कळा आणल्या, उरलेल्या ४२पर्यंत थांबल्या. थांबलेल्यांच्या गटात सहा मुलं गेली, दुसऱ्या गटात एकही नाही, आणि तो अभ्यास मध्येच थांबवावा लागला. मी ते लपवत नाही. पण त्या सहांपैकी एकही मूल स्टॉकहोमच्या भागातलं नव्हतं, आणि त्या भागात ४१व्या आठवड्यात सगळ्यांची सोनोग्राफी होत होती. एवढ्यावरून सिद्ध काही होत नाही. पण लक्ष ठेवून थांबणं आणि नुसतं थांबणं यांना एकाच आकड्यात कोंबलं की काय हरवतं, ते त्यातून दिसतं.

तरुण डॉक्टर: त्याच अभ्यासामुळे मी ४१च्या पुढे कुणालाही जाऊ देत नाही, आणि तुम्हीही देत नाही. जागतिक आरोग्य संघटनाही ४१ आठवडे नक्की पूर्ण झाले असतील तर कळा आणा असं सांगते. म्हणजे आपला वाद उरला तो ३९ ते ४१मधल्या दोन आठवड्यांपुरता. बरोबर?

ज्येष्ठ डॉक्टर: बरोबर. पण ते दोन आठवडे लहान समजू नकोस. बहुतेक बायकांना त्यातच आपल्या आपण कळा येतात.

तरुण डॉक्टर: तर मग आपल्या बायकांबद्दल बोलू. लंडनच्या परिसरातल्या नोंदींवर २००४ साली एक अभ्यास आला होता. गोऱ्या बायकांचं गर्भारपण साधारण ४० आठवड्यांचं, भारतीय उपखंडातून गेलेल्या बायकांचं ३९. आणि मूल पोटात दगावण्याचा धोकाही आपल्याकडच्या बायकांमध्ये अलीकडच्या आठवड्यांपासूनच चढायला लागतो, असं ब्रिटन-ऑस्ट्रेलियातल्या नोंदी सांगतात. म्हणजे जर्मन प्राध्यापकाचं गणित आपल्याला एक आठवडा जास्तच थांबवत असेल. तुम्ही म्हणता तारीख अंदाजाची आहे. मान्य. पण अंदाज चुकला तर तो कुठल्या बाजूला चुकतो?

ज्येष्ठ डॉक्टर: हा तुझा सगळ्यात वजनदार मुद्दा आहे, आणि त्याचं पुरतं उत्तर माझ्याकडे नाही. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०२१ साली मसुद्यात सुचवलं होतं की आशियाई आणि कृष्णवर्णीय बायकांना ३९व्या आठवड्यात कळा आणायचा विचार करावा. त्यावर मोठा गदारोळ झाला आणि नोव्हेंबरमधल्या अंतिम मार्गदर्शनातून ते काढून टाकलं. टीका करणाऱ्यांचं म्हणणं असं की या बायकांची मुलं जास्त दगावतात त्यात त्यांना मिळणाऱ्या वागणुकीचा, गरिबीचा, उशिरा होणाऱ्या तपासणीचा वाटा किती, ते आधी बघा. कातडीच्या रंगावरून औषध ठरवू नका. ते मला पटतं. पण नाशिक-नांदेडमध्ये बसून विचार करताना तो प्रश्न संपत नाही, हेही खरं. आपल्या बाळांची तयारी खरंच आधी होत असेल, तर त्यांच्या कळाही आधी येतील, आणि बहुतेकींच्या बाबतीत तसंच होतं. प्रश्न उरलेल्यांचा आहे. तिथे मी लक्ष वाढवते, तू तारीख अलीकडे आणतेस.

मी लक्ष वाढवण्यावर का अडून बसते ते सांगते. बाळंतपण सुरू कसं होतं? उंदरांवर २००४ साली टेक्सासमध्ये झालेल्या प्रयोगांत दिसलं की पिल्लाची फुफ्फुसं श्वासाला तयार झाली की त्यांच्यातलं एक प्रथिन गर्भजलात उतरतं आणि आईच्या गर्भाशयाला जागं करतं. म्हणजे निरोप पिल्लाकडून येतो. माणसात ही साखळी जास्त गुंतागुंतीची आहे, वारेचाही त्यात हात आहे. पण बाळ आणि वार त्यात बोलत असतात, एवढं नक्की. तू कॅलेंडर बघून सुरू करतेस तेव्हा त्यांचं बोलणं मध्येच तोडतेस.

तरुण डॉक्टर: आणि ज्या सहा मुलांनी निरोप पाठवलाच नाही? त्यांचं बोलणं कुणी ऐकायचं?

ज्येष्ठ डॉक्टर: ते ऐकायलाच तर पट्टा लावायचा. आणि तरीही एखादं निसटतं. मी हे नाकारत नाही.

तरुण डॉक्टर: आपण दोघी इतका वेळ बोलतोय, पण जिच्या पोटात बाळ आहे ती यात कुठे आहे? पहिलं बाळंतपण म्हणून ती सातव्या महिन्यात ओटी भरून माहेरी आलेली. पुण्यातल्या डॉक्टरची फाइल पिशवीत, इथली डॉक्टर नवी. पायांवर सूज, रात्री दर तासाला उठायचं, कूस बदलायला हाताला उशी लागते. सासरहून रोज फोन, अजून काहीच नाही का? शेजारची काकू येऊन एरंडेल द्या सांगून जाते, आणि त्याने जुलाब तेवढे होतात. त्यात तुम्ही तिला हालचाली मोजायला बसवता. बाळ तासभर झोपलं की हिच्या पोटात गोळा. ती माझ्यापुढे रडत म्हणते, मॅडम, आता नको, करा काहीतरी. तिचं हे मागणं मी गैरसमज म्हणून मोडीत काढायचं का? नैसर्गिक बाळंतपण ही तिची इच्छा असेल तर आपण तिचा मान राखतो. मग संपवा म्हणाली तर तिला धीर धर म्हणून उपदेश का करतो?

ज्येष्ठ डॉक्टर: उपदेश नको, खरंय. ३९ पूर्ण झाले आहेत, तारीख पक्की आहे, तोंड मऊ आहे आणि ती स्वतःहून मागते आहे, तर मी नाही म्हणत नाही. पण ती काय मागते आहे हे तिला माहीत असावं. बऱ्याच जणींना वाटतं जेल ठेवलं की दुपारपर्यंत बाळ. सलाईनच्या कळा जवळजवळ येतात, मध्ये श्वास घ्यायला उसंत देत नाहीत, हे तिला कुणी सांगितलेलं असतं का? आधीचं सिझर असेल तर कळा आणायची गोळी द्यायचीच नसते, व्रण फाटू शकतो, हे सांगितलेलं असतं का? आणि तिचं मागणं कुणाच्या तोंडून येतं तेही बघावं लागतं. अमावस्या टाळायची, मूळ नक्षत्र टाळायचं, पितृपक्षाच्या आत उरकायचं, म्हणून कागदावर वेळ लिहून आणणारे नातेवाईक तूही बघितलेस.

तरुण डॉक्टर: त्यांना मीही परत पाठवते. त्यात आपलं दुमत नाही.

अडचण पुढची आहे. तुम्ही म्हणता तिला सगळं सांगा. मी सांगून पाहिलंय. त्या दीड कोटींच्या अभ्यासात असं निघालं होतं की ४० ऐवजी ४१ आठवड्यांपर्यंत थांबलेल्या दर १,४४९ बायकांमागे एक मूल जास्त दगावतं. हे मी जसंच्या तसं सांगितलं की तिला १,४४९ ऐकूच येत नाही, एक ऐकू येतं. तिथेच ती हो म्हणते. कुणीच थांबत नाही.

ज्येष्ठ डॉक्टर: मग आधी सांग की १,४४८ जणींना त्या थांबण्याने तो फटका बसत नाही.

तरुण डॉक्टर: ते सांगणं म्हणजे तिला थांबवणंच झालं ना, मॅडम? कुठला आकडा आधी उच्चारायचा हे आपण ठरवतो, आणि तिथेच तिचा निर्णय आपण घेऊन टाकलेला असतो.

ज्येष्ठ डॉक्टर: हो. त्यातून सुटका नाही. निदान ही चर्चा चाळिसाव्या आठवड्यात, पाय सुजलेले आणि बाहेर चौघे नातेवाईक ताटकळलेले असताना करू नये. ३५-३६व्या आठवड्यात करावी, तिच्या आईलाही बसवून. घरी जाऊ द्यावं, पुढच्या खेपेला पुन्हा विचारावं. एवढ्याने आपला कल झाकला जात नाही, पण तिला त्याच्याविरुद्ध जायला वेळ मिळतो.

तरुण डॉक्टर: आणि एवढं करून ती म्हणाली, तुम्हीच काय ते ठरवा, तर?

ज्येष्ठ डॉक्टर: तर मी ठरवते. मी ४१ पूर्ण होईपर्यंत थांबते, दर तीन दिवसांनी बघत. तू ४० झाले की भरती करतेस. सोमवारच्या ओपीडीत आली तर माझ्याकडे, गुरुवारी आली तर तुझ्याकडे. तिचं बाळंतपण वारावर ठरतं, हे मला गेली कित्येक वर्षं खुपतंय.

तरुण डॉक्टर: मग आपली मतं वेगळी आहेत, हे तिला सांगायचं?

ज्येष्ठ डॉक्टर: सांगायचं. तिच्या जागी मी असते तर मला ते कळायला हवं होतं.

तरुण डॉक्टर: मला नको असतं. त्या आठवड्यात मला एकच डॉक्टर आणि एकच उत्तर हवं असतं.